ऑर्डर मायामीच्या वखारीवर, गिऱ्हाईक ब्राझीलचं – पाठवू का कॅन्सल करू?

चावीवाला_जळगाव

राम राम मंडळी, जरा घाईत आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. जळगावात आमचं घड्याळ दुरुस्तीचं जुनं दुकान, आधी वडील बसायचे आता मी बसतो. चार वर्षं झाली, एचएमटीची चावीची घड्याळं गोळा करतो, मशीन खोलून धुतो, तेल देतो, काच बदलतो आणि ईबेवर बाहेरदेशी विकतो. जनता, पायलट, कोहिनूर, सोना असली. २०१६ ला एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय झाला, नवीन माल येणं संपलं, पण बाहेर या घड्याळांचे शौकीन आहेत अजून. बहुतेक ऑर्डर एकेका घड्याळाच्या असतात.

परवा रात्री एकदम ९ घड्याळांची ऑर्डर आली. ५४० डॉलर, पैसे जमा दाखवतंय. माझ्यासाठी ही दोन महिन्यांची कमाई आहे खोटं कशाला बोलू. पण पत्ता बघून हात थांबला. मायामीचा पत्ता, नावाच्या पुढे अक्षरं आणि आकडे मिळून एक कोड, खाली सूट नंबरच्या जागी परत तोच कोड. मॅपवर टाकून पाहिलं तर घर नाहीच, विमानतळाच्या बाजूची मोठी वखार, बाहेर ट्रक उभे. आणि गिऱ्हाइकाचं खातं ब्राझीलचं. वरून मेसेज की लवकर पाठवा, पार्सलवर किंमत ४० डॉलर टाका आणि गिफ्ट लिहा.

मेहुणे म्हणतात पैसे आले ना मग टाक पोस्टात, पुढे तो काय करतो त्याच्याशी तुला काय करायचं. वडील म्हणतात माणूस कुठला न् पत्ता कुठला, थांब जरा. मला आजवर असा पत्ता आला नव्हता. कोणी पाठवलंय का अशा ठिकाणी? परवा संध्याकाळपर्यंत पाठवायची मुदत आहे, तोवर काय ते ठरवायचंय.

नाना_भुसावळकर

भाऊ तो पत्ता फ्रेट फॉरवर्डरचा आहे. म्हणजे त्या वखारीत प्रत्येक गिऱ्हाइकाला एक कोड दिलेला असतो, जगभरातून माल तिथे येतो, ती कंपनी तो गोळा करून पुढे त्याच्या देशात पाठवते. धंदा कायदेशीर आहे, पण विकणाऱ्याला खड्डा कुठे आहे ते मी पडून पाहिलंय म्हणून सविस्तर लिहितो.

रेल्वेतून रिटायर झाल्यापासून मी जुने फिल्म कॅमेरे आणि लेन्स विकतो. दोन वर्षांपूर्वी एक जपानी ५० एमएमची लेन्स विकली, अशाच कोडवाल्या पत्त्यावर. काच इतकी स्वच्छ होती की टॉर्च मारला तरी आत एक ठिपका नाही. माल वखारीत पोचला, ट्रॅकिंगवर डिलिव्हर्ड आलं, मी निवांत. पंचवीसेक दिवसांनी तक्रार आली की लेन्सला बुरशी आहे. आता पंचवीस दिवसात ती लेन्स अमेरिकेतून अजून कुठल्या देशात गेली, किती हातांतून गेली, मला काय ठाऊक. साइटवर वाद चालला, मी नुसतं भांडत बसलो की माझी लेन्स चांगली होती, आणि जी गोष्ट सांगायला पाहिजे होती तीच सांगितली नाही. शेवटी पैसे परत करावे लागले, परतीचा खर्चही माझ्याच डोक्यावर. पार्सल परत आलं ते उघडलं तर लेन्स त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, पण माझी नाही. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, आणि पुढच्या रिंगचे स्क्रू कोणीतरी चुकीच्या पेचकसाने फिरवून खाऊन टाकलेले. मी आयुष्यात असा स्क्रू खाल्लेला नाही हो. पण सिद्ध कशावरून करणार, मी सिरीयल नंबरचा फोटोच काढला नव्हता. समोरून चौदा हजार गेले.

नंतर मी नियम नीट वाचले तेव्हा कळलं की ईबेच्या मनी बॅक गॅरंटीत असा माल बसतच नाही जो पहिल्या डिलिव्हरीनंतर दुसऱ्या पत्त्यावर पाठवला गेलाय. म्हणजे तुमची जबाबदारी वखारीच्या दारापर्यंत. पण हे तुम्हाला स्वतः सांगावं लागतं, केस उघडली की पहिल्याच उत्तरात, की पत्ता फॉरवर्डरचा आहे, हा बघा कोड, हा बघा वखारीचा मॅप, माल इथे पोचला आणि इथून पुढे गेला. कोणी आपणहून बघत नाही. मी सांगितलं नाही, मी हरलो.

तेव्हा कॅन्सल करा असं मी म्हणत नाही. पण पाठवणार असाल तर प्रत्येक घड्याळाचं मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो, झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो, चालू घड्याळाचा व्हिडिओ, आणि डबा बंद करतानाचा एका शॉटमध्ये न तोडलेला व्हिडिओ ज्यात लेबल दिसलं पाहिजे. एवढं केल्याशिवाय पोस्टाची पायरी चढू नका.

धुळ्याची_लेक

चावीवाला दादा, मी मूळची देवपूरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत आलो आणि मी दीड वर्ष डेलावेअरमध्ये अशाच एका वखारीत पॅकिंगला होते. तेव्हा आतून कसं चालतं ते सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

आधी डेलावेअरच का, तर तिथे सेल्स टॅक्स नाही. ऑरेगॉनलाही नाही. म्हणून परदेशातली माणसं अमेरिकन दुकानातून घ्यायला तिथला पत्ता घेतात. मायामीचं कारण वेगळं, तिथून दक्षिण अमेरिकेला विमानं भरपूर, त्यामुळे ब्राझील, कोलंबिया, अर्जेंटिना सगळ्यांचा माल त्या भागातल्या वखारींतून जातो. म्हणजे ब्राझीलचा माणूस आणि मायामीचा पत्ता यात नवल काहीच नाही, नुसत्या तेवढ्यावरून त्याला चोर समजू नका.

आता माल आला की काय होतं. सकाळी पोस्टाची आणि कुरिअरची गाडी पिंजरे भरून पार्सलं उतरवते, शेकड्यानं, सही एकच. तिथे कोणी तुमचा डबा हलवून बघत नाही. मग कोड वाचून रॅकवर. गिऱ्हाइकाची चार-पाच पार्सलं जमली की तो सांगतो एकत्र करा, मग आम्ही सगळे डबे फोडायचो. बाहेरचा खोका सरळ कचऱ्यात. आतला बबल रॅप पण बराचसा काढायचो, कारण पुढचं भाडं वजनावर आणि आकारावर दोन्हीवर लागतं, डबा जितका लहान तितका गिऱ्हाइकाचा फायदा. मी एकदा बघितलंय, कोणीतरी चिनीमातीच्या कपांना एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळून किती मायेने पाठवलं होतं, आणि माझ्या शेजारच्या मुलीने ते सगळं सोडून एका लहान डब्यात बसवलं, बुटांच्या जोडीबरोबर. तिची चूक नाही, तिला तसंच सांगितलेलं होतं. पण तो कप फुटला तर तक्रार कोणाकडे जाणार, तर ज्याने इतक्या मायेने पाठवला त्याच्याकडे.

तुमची घड्याळं चावीची, मशीन नाजूक, नऊच्या नऊ एका डब्यात खुळखुळत गेली तर बॅलन्स, म्हणजे आतलं झुलणारं चाक, तुटायला वेळ लागणार नाही. म्हणून एक करा, बाहेरच्या खोक्यावर भरवसा ठेवू नका. प्रत्येक घड्याळ स्वतःच्या छोट्या कडक डबीत, आत फोम, वरून टेप. डबी कोणी सहसा फोडत नाही, खोकाच फेकतात.

अजून एक, तुमच्या कामाचं. अशा बऱ्याच जागा अमेरिकन पोस्टाकडे दुसऱ्यांची टपाल घेणारी एजन्सी म्हणून नोंदलेल्या असतात, गिऱ्हाईक एका फॉर्मवर सही करून देतो, फॉर्म १५८३, की माझं टपाल यांच्याकडे द्या. तिथे माल दिला की ट्रॅकिंगवर कधी कधी येतं की पुढच्या डिलिव्हरीसाठी एजंटकडे दिलं. ती ओळ आली तर लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवा, नानांनी सांगितलेल्या भांडणात तोच तुमचा पुरावा. पण सगळ्या वखारी अशा नोंदलेल्या नसतात, काही ठिकाणी नुसतं डिलिव्हर्ड येतं.

सातपुडा_मणी

मी नंदुरबारहून लिहितेय. आम्ही बायकांचा गट आहे, मण्यांचे दागिने करतो. एवढं घाबरण्यासारखं नाही असं माझं मत आहे. माझी तीसेक पार्सलं तरी अशा पत्त्यांवर गेली असतील, त्रास एकदाच झाला. घेणाऱ्या बायका तिकडे परदेशात बसून आपल्या हातची वस्तू घ्यायला धडपडतात, त्यांच्या देशात आपण थेट पाठवत नाही म्हणून तर त्या वखारीचा पत्ता घेतात. मी सरसकट नाही म्हटलं असतं तर एवढी विक्री कुठून झाली असती.

पण हे खरं की माझा माल ७००-८०० रुपयांचा, गेला तर गेला, आणि मण्यांच्या हाराला आत मशीन नसतं की बदललं म्हणून. चावीवाल्या भाऊंचा आकडा मोठा आहे.

नाना_भुसावळकर

ताई तुमचं बरोबर आहे, दर वेळी फसवणूक नसते. पण एक प्रकार असा आहे की ज्यात गिऱ्हाईकच खरं नसतं. चोरलेल्या कार्डावर ऑर्डर टाकायची, माल अशा वखारीवर मागवायचा किंवा घरबसल्या नोकरी म्हणून फसवलेल्या एखाद्या साध्या माणसाच्या घरी, तो बिचारा पार्सल घेऊन नवीन लेबल लावून पुढे पाठवतो, आणि माल भलत्याच देशात. अमेरिकेचं पोस्ट खातं लोकांना याबद्दल सावध करत असतं. मग खरा कार्डवाला बँकेत जातो, व्यवहार मी केलाच नाही म्हणतो. कार्डाचा वाद साधारण १२० दिवसांपर्यंत टाकता येतो, म्हणजे तुम्ही पैसे खर्च करून मोकळे झालेले असता आणि चौथ्या महिन्यात ते उलटे जातात. साइटची गॅरंटी वेगळी आणि बँकेचा चार्जबॅक, म्हणजे कार्डाचे पैसे उलटे घेणं, वेगळा, हे लक्षात ठेवा. साइटवर जिंकलेला माणूस बँकेत हरू शकतो.

म्हणून खातं किती जुनं, आधी काय काय घेतलंय, एकदम महाग आणि एकदम जास्त नग घेतोय का, एक प्रश्न विचारला तर नीट उत्तर देतो का, हे सगळं बघा. नऊ एचएमटी घेणारा खरा शौकीन असेल तर तो घड्याळाबद्दल बोलेल. ज्याला फक्त माल लवकर हवाय तो नुसतं शिप फास्ट शिप फास्ट करेल.

हिशोबनीस_पारोळा

पत्त्यावर सगळे बोलले, मला त्या ४० डॉलर आणि गिफ्टवर बोलायचंय, कारण माझ्या मते खरा धोका तिथे आहे आणि तो थेट तुमच्या अंगावर येतो.

मी निर्यातवाल्या छोट्या लोकांची कागदपत्रं बघतो. तुमच्याकडे आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, असेलच, नसेल तर आधी काढा, डीजीएफटी म्हणजे परकीय व्यापार खात्याच्या साइटवर ५०० रुपयात होतो. पोस्टाने धंद्याचा माल बाहेर जातो तेव्हा पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट भरावं लागतं, डाक घर निर्यात केंद्रातून ते ऑनलाइन होतं. त्यात किंमत तुम्ही तुमच्या सहीने सांगता. आता बँकेत ५४० डॉलर आले आणि बिलावर ४०, वर गिफ्ट. गिफ्टचे कुणी पैसे देतं का? हा फरक उद्या कोणी काढला तर गिऱ्हाईक ब्राझीलमध्ये बसलेला, नोटीस जळगावात येणार. कस्टम्स कायदा १९६२ चा आहे, फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा १९९९ चा, दोन्हीत खोटी किंमत सांगणं कायदेभंगात बसतं. आणि व्यवहाराची बाजू बघा, पार्सल हरवलं तर भरपाई सांगितलेल्या किमतीच्या पुढे कोण देणार. ४० लिहिलं तर ४० च.

तो ४० का म्हणतोय तेही समजून घ्या. ब्राझीलमध्ये ५० डॉलरच्या वरच्या पार्सलला ६० टक्के आयात कर आहे, राज्याचा कर वेगळा. म्हणून त्याला छोटा आकडा पाहिजे. पण ते त्याचं आणि त्याच्या सरकारचं, तुम्ही त्यात सही का करायची?

आणि दुसरी गोष्ट जी कोणी बोललं नाही. पूर्वी अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल ड्युटीशिवाय जायचं, म्हणून वखारीतून फिरवणं स्वस्त पडायचं. ती सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. मध्ये आपल्या पोस्टाने तिकडची बुकिंगच थांबवली होती, ऑक्टोबरमध्ये परत सुरू झाली तेव्हा ड्युटी इथेच भरून घ्यायला लागले. म्हणजे तुम्ही मायामीला पाठवलंत तर अमेरिकेची ड्युटी भरायची, जिथे ते घड्याळ कोणी हातातही घालणार नाही, आणि मग ब्राझीलमध्ये परत कर. ही ड्युटी तुमच्या ५४० मधून जाणार का त्याच्याकडून घेणार, हे ठरलंय का? नसेल ठरलं तर आजच विचारा. थेट ब्राझीलला पाठवता येत असेल तर दोघांचाही फायदा आहे.

धुळ्याची_लेक

हे मी पण लिहिणार होते. थेट ब्राझीलला पाठवलंत तर गिऱ्हाइकाचा सीपीएफ नंबर घ्या, तो तिथला कर नंबर असतो, पार्सलवर नसेल तर माल कस्टम्समध्ये अडकून राहतो. आमच्या वखारीत ब्राझीलच्या प्रत्येक डब्यावर तो टाकायचोच.

पण दादा, त्याने मेसेजमध्ये दुसरा पत्ता दिला म्हणून परस्पर तिकडे पाठवू नका हं. ऑर्डरवर जो पत्ता आहे त्याच्यावर माल गेला तरच साइट तुमच्या बाजूने उभी राहते, पेपालचंही तसंच आहे. पत्ता बदलायचा तर ऑर्डर रद्द करून नव्या पत्त्याने परत टाकायला लावा, कितीही गोड बोलला तरी.

चावीवाला_जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार, नाना, ताई, हिशोबनीस भाऊ. काय झालं ते सांगतो.

काल दुकान बंद केल्यावर त्याला सरळ लिहिलं की हा फॉरवर्डरचा पत्ता दिसतोय, खरी किंमतच लिहीन, गिफ्ट लिहिणार नाही, आणि अमेरिकेची ड्युटी वेगळी लागेल. वाटलं आता हा गायब होणार. रात्री दीडला उत्तर आलं, भलं मोठं, पोर्तुगीजमधून ट्रान्सलेट केलेलं. माणूस कुरितिबा गावचा, त्याच्या आजोबांचंही घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणे देवनागरीत जनता लिहिलेली डायल त्याला फार आवडते. आणि त्याने विचारलं की तुमच्या लिस्टिंगवर ब्राझीलला पाठवत नाही असं येतंय, म्हणून मी मायामीचा पत्ता दिला, नाहीतर मला कशाला दोनदा भाडं भरायचं होतं.

मी सेटिंग उघडून बघितलं तर खरंच, अख्खी दक्षिण अमेरिका मी बंद करून ठेवलेली. तीन वर्षांपूर्वी एक पार्सल तिकडे हरवलं होतं तेव्हा रागात केलं आणि विसरून गेलो.

ऑर्डर दोघांच्या संमतीने रद्द केली. ब्राझील चालू केलं, पोस्टात जाऊन स्पीड पोस्टचे दर विचारून आलो. त्याने परत ऑर्डर टाकली पण आता नऊ नाही, दोनच, एक जनता आणि एक पायलट, घरच्या पत्त्यावर, सीपीएफ नंबरासकट. बाकीची ही दोन पोचल्यावर घेतो म्हणाला. मेहुणे नाराज आहेत, ५४० चे १२० झाले म्हणून. मला आज रात्री झोप लागेल एवढं खरं.

नाना, तुम्ही झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो म्हणालात ना, त्यावरून एक सांगायचं राहिलं. आज सकाळी वडिलांना जनता खोलून दिली फोटोसाठी. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि झाकण माझ्यापुढे धरलं. आत सुईने कोरलेलं बारीक अक्षर, ‘भा’ आणि खाली १४-३-८७. भास्कर म्हणून आजोबांचं नाव, ते दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळात असं कोरायचे, परत आलं तर आपलंच काम आहे का ते ओळखायला. हे घड्याळ मी मागच्या वर्षी चोपड्याच्या बाजारात भंगारवाल्याकडून घेतलं होतं, ते आपल्याच दुकानातून एकदा जाऊन आलंय हे मला माहीतच नव्हतं. वडिलांनी त्याच्या खाली आजची तारीख कोरली. चारही बाजूंनी फोटो काढलेत.

वडील म्हणतात हे ठेव, विकू नको. मी त्याला अजून कळवलेलं नाही. माझ्याकडे दुसरी जनता आहे, डायल याच्यापेक्षा स्वच्छ आहे, तीच पाठवीन म्हणतो पण आधी फोटो दाखवून त्याला विचारतो. पायलटची चावी मात्र जरा ढिली आहे, कोणाकडे एचएमटीची ओरिजिनल चावी आणि स्टेम, म्हणजे चावीची आतली दांडी, मिळेल का, भुसावळ किंवा धुळ्यात? उद्या दुपारपर्यंत मिळाली तर मी स्वतः घ्यायला येतो.

नाना_भुसावळकर

माझ्याकडे दोन पडल्यात जुन्या डबीत, शौकीन दोस्ताने दिलेल्या. सकाळी दहानंतर केव्हाही या, आणि ते झाकण पण आणा, मला बघायचंय.